वॉशिंग मशीनचा पाण्याचा वॉल्व्ह खराब झालाय का, आणि घरी बदलायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीनमध्ये पाणी येतच नाही, नाहीतर आलं की थांबतच नाही, या दोन्ही तक्रारींत पहिला संशय इनलेट वॉल्व्हवर जातो. वॉल्व्ह बदलणं काही अवघड नाही, पेचकस आणि पक्कड हातात धरता येणाऱ्या कोणालाही जमेल. पण कित्येकदा वॉल्व्ह चांगला असतो, दोष जाळीत, नळात नाहीतर गच्चीवरच्या टाकीत असतो, आणि तरी नवीन पार्टचे पैसे जातात. म्हणून खाली तपासणीवर जास्त लिहिलंय आणि बदलण्यावर त्यामानाने कमी.

हा वॉल्व्ह असतो कुठे आणि करतो काय?

मशीनच्या मागे वरच्या बाजूला जिथे नळाचा पाइप आट्यांवर फिरवून बसवतात ना, ते आट्यांचं प्लास्टिकचं तोंड म्हणजेच वॉल्व्हचा बाहेर दिसणारा भाग, बाकीचा आत असतो. आत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, तिच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेला लोखंडी दांडा आणि त्याच्याखाली रबराचा पडदा. या पडद्याला दोन भोकं असतात, एक मध्यभागी आणि एक कडेला, कडेचं तर सुई जाईल न जाईल इतकं बारीक.

मशीनने कॉइलला करंट दिला की दांडा वर खेचला जातो, मधलं भोक उघडतं, पडद्याच्या वरचा दाब उतरतो आणि मग लाइनमधल्या पाण्याचा दाबच पडद्याला खालून उचलतो. म्हणजे पडदा उचलायचं खरं काम पाणी करतं, कॉइल फक्त छोटं भोक उघडते. करंट बंद झाला की स्प्रिंग दांडा खाली ढकलते, मधलं भोक बंद होतं, कडेच्या बारीक भोकातून पाणी वर जाऊन भरतं आणि पडदा दाबून बसतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या तक्रारी आपोआप कळतात: दाब कमी असेल तर वॉल्व्ह नीट उघडतही नाही आणि घट्ट बसतही नाही, मधल्या बैठकीवर रेतीचा कण अडकला तर पाणी झिरपत राहतं, कडेचं भोक क्षाराने बुजलं तर वॉल्व्ह बंदच होत नाही, आणि कॉइल जळली तर उघडतच नाही.

आमची सेमी ऑटोमॅटिक आहे, तिच्यातपण असतो का?

सहसा नाही. दोन टब असलेल्या बहुतेक मशीनमध्ये पाणी तुम्हीच पाइप लावून किंवा बादलीने भरता, वरचा नॉब पाणी फक्त या टबात की त्या टबात एवढंच वळवतो. तिथे पाणी येत नसेल तर नळ आणि पाइप बघा. खालची माहिती फुल ऑटोमॅटिक टॉप लोड आणि फ्रंट लोडसाठी आहे.

मशीन बंद असतानाही टबात पाणी जमतंय, वॉल्व्हच गेला ना?

हो, इथे जवळजवळ खात्रीने वॉल्व्हच. आणि ही खात्री करून घ्यायला कोणाला बोलवायची गरज नाही. मशीनचा प्लग बोर्डातून काढा, नळ चालू ठेवा, टब रिकामा आणि कोरडा आहे ना बघा आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत बघा. प्लग काढलेला असतानाही पाणी आत आलं तर वॉल्व्ह आतून बंद होत नाहीये, कार्डाचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या सर्किट बोर्डाचा, यात काही संबंध नाही कारण करंटच नाहीये. मिनिटाला शंभर मिली म्हणजे अगदी बारीक धार, पण दिवसभरात तेवढ्यातून १४४ लिटर जातात, आणि रात्रभर नळ उघडा राहिला तर मशीन भरून पाणी घरात येऊ शकतं. वॉल्व्ह बदलेपर्यंत नळ बंदच ठेवायचा.

आता याच्या उलट, प्लग काढला की पाणी लगेच थांबतं पण मशीन चालू असताना मात्र भरभरून ओव्हरफ्लो होतं, तर वॉल्व्ह चांगला आहे. तेव्हा पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर सेन्सर, त्याला टबापासून जाणारी बारीक नळी, नाहीतर कार्ड, यातलं काहीतरी बिघडलंय. तो वॉल्व्ह बदलून काही उपयोग नाही. सगळ्यांना सांगावीशी वाटते ती हीच चाचणी, कारण फुकट आहे, धोका नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पाणी भरतं आणि सोबत निघूनही जातं, सारखा पाण्याचा आवाज. हापण वॉल्व्ह?

नाही, हा बहुतेक वेळा ड्रेन पाइप असतो. फ्रंट लोडचा ड्रेन पाइप खाली जमिनीवर टाकला असेल तर पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर जातं आणि मशीन बिचारी भरतच राहते. पाइपचं वाकवलेलं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर अडकवा, नेमकी उंची मॅन्युअलमध्ये असते.

डिस्प्लेवर कोड येतोय, त्याच्यावरून कळेल का?

अर्धंच कळेल. एलजीत आयई, सॅमसंगमध्ये ४ई किंवा ४सी, पॅनासॉनिकमध्ये यू१४, या सगळ्यांचा अर्थ इतकाच की ठरलेल्या वेळात पाणी पाहिजे तेवढं भरलं नाही. नळ बंद, टाकी रिकामी, पाइप भिंतीमागे दुमडलेला, जाळी चोंदलेली, दाब कमी, कॉइल जळलेली, कशानेही हाच कोड येतो, मशीनला पाणी आलं नाही एवढंच कळतं, का नाही आलं ते कळत नाही. एलजीत एफई आला तर पाणी जास्त भरलंय, तेव्हा वर सांगितलेली प्लगची चाचणी करा.

पाणी अगदी बारीक धारेने येतंय. आधी काय बघू?

आधी नळ. मशीनच्या मागचा पाइप सोडवून बादलीत धरा, नळ पूर्ण उघडा, एक मिनिट मोजा. आठ-दहा लिटर आले तर नळ चांगला. तीन-चार लिटरच येत असतील तर वॉल्व्हकडे जायचंच नाही, तुमचा प्रश्न लाइनचा आहे.

नळ चांगला असेल तर मग जाळी. पाइप काढला की वॉल्व्हच्या तोंडात प्लास्टिकची बारीक जाळी दिसेल, तिच्या मध्यभागी पकडायला छोटी दांडी असते, नोज प्लायरने ती धरून सरळ बाहेर ओढायची, वाकवायची नाही. काही पाइपांच्या नळाकडच्या टोकालाही अशीच एक जाळी असते आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही, तीपण बघा. रेती, गंज, शेवाळ, टेफ्लॉन टेपचे तुकडे, प्लंबरने पाइप कापला तेव्हाचा पीव्हीसीचा भुगा, काहीही निघतं. सोसायटीची टाकी धुतल्यावर, लाइनचं काम झाल्यावर किंवा पावसाळ्यात पहिलं गढूळ पाणी आल्यावर मशीन अचानक बंद पडलं असेल तर जाळीवरच पहिला हात घाला.

जुन्या टूथब्रशने घासून धुवा. पांढरा कडक थर बसला असेल तर तो क्षार आहे, तो घासून जात नाही, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात अर्धा तास बुडवा, सुटेल. हे काम वाटीत करा, मार्बलच्या किंवा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, डाग पडतो.

आणि जाळी फाटली म्हणून तशीच काढून टाकून मशीन चालवू नका. पाणी त्या दिवशी छान जोरात येईल, पण कचरा सरळ रबरी पडद्यावर जाऊन बसेल आणि मग खरोखरच वॉल्व्ह बदलावा लागेल.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, नवीन मशीनलापण पाणी भरायला खूप वेळ लागतो. का?

टाकीची उंची. पाण्याचा दाब टाकी तुमच्या नळापेक्षा किती वर आहे त्याच्यावर ठरतो, दहा मीटरला साधारण १ बार. टाकी गच्चीवर आणि तुम्ही लगेच तिच्याखाली, म्हणजे जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. पुष्कळशा मशीनच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी दाब ०.३ किंवा ०.५ बार लिहिलेला असतो, काही ठिकाणी तोच आकडा ०.०३ किंवा ०.०५ एमपीए असा देतात. तुम्ही अगदी काठावर आहात, त्यात टाकी अर्धी झाली, आंघोळीची वेळ असली की पडदा उचललाच जात नाही. इथे वॉल्व्ह कितीही वेळा बदलला तरी तोच अनुभव येणार. छोटा प्रेशर पंप बसवणं हा खरा उपाय, किंवा टाकीतून येणारी मधली लाइन फार बारीक असेल तर ती मोठी करणं. मशीन घेतानाच कमी दाबावर चालणारं मॉडेल विचारून घेतलं तर फार बरं, दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारायला पाहिजे.

मशीन चालू केलं की मागून गुंगुं आवाज येतो पण पाणी येत नाही.

आवाज येतोय म्हणजे कॉइलपर्यंत करंट पोचतोय, ही चांगली बातमी, कार्ड आणि वायरिंग बहुतेक ठीक आहे. दाब आणि जाळी दोन्ही बरोबर असतील तर दांडा क्षाराने किंवा गंजाने अडकलाय, वॉल्व्ह बदला. बाहेरून ठोकून बघायचा सल्ला देणारे असतात, एखाद वेळी सुटतोही, पण दोन-चार दिवसांत परत अडकतो आणि अडकतो तेव्हा उघडा अडकला तर घरात पाणी, म्हणून ठोकठाक करून वापरत राहू नका.

काहीच आवाज नाही, पाणीही नाही, तर एकतर कॉइल गेली, वायर तुटली किंवा मशीन करंटच देत नाहीये. फ्रंट लोडमध्ये दाराचं लॉक नीट लागल्याशिवाय पाणी सुरूच होत नाही हेही लक्षात ठेवा.

मल्टीमीटरने कॉइल कशी बघायची?

प्लग काढलेला, नळ बंद. वॉल्व्हच्या दोन पिनांवरचं कनेक्टर काढा, मीटर २० के ओहमवर ठेवा, दोन टोकं दोन पिनांना लावा. आपल्याकडच्या २२०-२४० व्होल्टच्या कॉइलला साधारण साडेतीन ते पाच किलोओहम दिसतं. मीटर काहीच दाखवत नसेल म्हणजे तार आतून तुटली, शून्याच्या जवळ दाखवत असेल तर शॉर्ट, दोन्हीत वॉल्व्ह गेला. दोन-तीन कॉइलचा वॉल्व्ह असेल तर सगळ्या मोजा, एकमेकींच्या जवळपासच यायला हव्यात, एकच वेगळी आली तर ती संशयित.

कॉइल बरोबर आली म्हणजे वॉल्व्ह बरोबर असं मात्र नाही, मीटरला पडद्यातली रेती दिसत नाही.

काही जण वॉल्व्हला दोन वायरी लावून थेट बोर्डातून करंट देऊन बघतात. घरी हे करू नका. उघड्या पिना, ओलं तोंड आणि २३० व्होल्ट, तीन गोष्टी एका जागी नकोतच.

बदलायला घेण्याआधी काळजी काय घ्यायची?

प्लग बोर्डातून काढायचा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात आणि तसं असलं तर बटण बंद केल्यावरही मशीनमध्ये करंट असतो. काढल्यावर दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टर मोटरच्या मशीनच्या कार्डातल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, आणि तरीही कार्डाला हात लावायचं काही कारण नाही. नळ बंद करून पाइप सोडवा, त्यात साठलेलं पाणी बादलीत घ्या. फरशी कोरडी, पायात रबरी चप्पल. बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत मशीन असेल तर अर्थिंग खरंच आहे का हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, थ्री पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं अजिबात नसतं.

मशीन वॉरंटीत असेल तर उघडूच नका, कंपनीला फोन करा. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते ती मोटरपुरतीच, वॉल्व्ह त्यात येत नाही, पूर्ण मशीनची वॉरंटी किती आहे ते बिलाबरोबरच्या वॉरंटी कार्डवर बघा.

कुठला वॉल्व्ह आणायचा? सगळे सारखेच दिसतात.

सारखे दिसतात, सारखे नसतात. नळाकडच्या बाजूचे पाऊण इंची आटे बहुतेकांचे एकच, म्हणून पाइप सगळ्यांना बसतो आणि तिथेच फसगत होते. बघायचं ते हे: कॉइल किती, बाहेर पडणारी तोंडं किती आणि किती जाडीची, ती सरळ आहेत की काटकोनात, स्क्रूची भोकं कुठे, पिना कशा, आणि अंगावर छापलेला व्होल्टेज. काही वॉल्व्हमध्ये आत मिनिटाला किती पाणी सोडायचं ते ठरवणारं रबरी वॉशर असतं, ते वेगळं असलं तर वॉल्व्ह बसतो छान पण सोपचा कप्पा नीट धुतला जात नाही किंवा पाणी कप्प्यातून बाहेर उडतं.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना वॉल्व्ह काढून खिशात घालून दुकानात जा, सोबत मशीनच्या मागच्या किंवा दाराच्या आतल्या स्टिकरचा फोटो, त्याच्यावर पूर्ण मॉडेल नंबर असतो. ऑनलाइन मागवत असाल तर फोटो जुळवून नाही, मॉडेल आणि पार्ट नंबर जुळवून मागवा. कंपनीचा आणि लोकलच्या किमतीत फरक असतो, पण ज्या पार्टमागे दिवसरात्र नळाचा दाब उभा असतो तिथे मी तरी कंपनीचाच घ्या म्हणेन. बिल घ्या.

सामान काय लागेल?

चांगल्या टोकाचा स्टार पेचकस, नोज प्लायर, साधी पक्कड, बादली, दोन-तीन जुनी फडकी, टॉर्च आणि फोटो काढायला मोबाइल. मशीन पुढे ओढायला अजून एक माणूस असला तर बरं, फ्रंट लोड फार जड असतं, आत काँक्रीटची किंवा लोखंडाची वजनं बसवलेली असतात.

टॉप लोडमध्ये कसा बदलायचा?

मशीन पुढे घ्या. मागे वर, जिथे पाइप लागतो, तिथलं कव्हर दोन ते चार स्क्रूंवर असतं, काही मॉडेलमध्ये झाकणाच्या मागची पूर्ण प्लास्टिकची पट्टी उचलावी लागते आणि तिला पुढून खटके असतात, जोर लावून ओढू नका, खटका कुठे आहे ते टॉर्च मारून शोधा. आत वॉल्व्ह दिसला की आधी फोटो. कुठल्या रंगाची वायर कुठल्या कॉइलला, कुठली नळी कुठल्या तोंडाला, दोन-तीन बाजूंनी फोटो काढा.

मग कनेक्टर काढा, वायर धरून ओढायचं नाही, प्लास्टिकचं डोकं धरायचं, बहुतेकांना छोटी कुलपी असते ती दाबून धरावी लागते. आत जाणाऱ्या रबरी नळीवर स्प्रिंगची क्लिप असते, पक्कडीने तिचे दोन कान दाबून क्लिप नळीवर मागे सरकवा. नळी वर्षानुवर्षं चिकटलेली असते, सरळ ओढली तर फाटते, म्हणून आधी गोल फिरवून मोकळी करा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर गुंडाळून ठेवलं तर रबर मऊ पडतं. थोडं पाणी सांडेल, फडकं खाली हवंच. मग वॉल्व्हचे एक-दोन स्क्रू काढले की तो बाहेर.

नवीन बसवताना उलट क्रम, पण क्लिप जुन्या खुणेवरच परत बसवा आणि कनेक्टर टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. एसीची कॉइल आहे, तिच्या दोन पिनांत उलटसुलट असं काही नसतं, पण एका कॉइलची वायर दुसऱ्या कॉइलला गेली तर गरमच्या ऐवजी थंड किंवा पावडरच्या ऐवजी सॉफ्टनरच्या कप्प्यात पाणी जाईल, म्हणून तो फोटो.

फ्रंट लोडमध्ये काही वेगळं?

वरचं झाकण काढावं लागतं. मागे दोन स्क्रू, ते काढून झाकण थोडं मागे सरकवून वर उचलायचं. वॉल्व्ह मागच्या कोपऱ्यात असतो आणि त्याच्यातून दोन किंवा तीन नळ्या पावडरच्या कप्प्याकडे जातात, त्यांचा क्रम महत्त्वाचा, फोटोशिवाय एकही काढू नका. काही मशीनमध्ये स्क्रूऐवजी खटका असतो, तो दाबून वॉल्व्ह थोडा फिरवला की सुटतो. झाकणाखालच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हात जपून.

नळाच्या टोकालाच प्लास्टिकचा मोठा डबा असलेला पाइप आला असेल तर ती गळती रोखणारी सिस्टीम आहे, काहींच्या पाइपमधून विजेची वायरही जाते. तो पाइप आखूड करायला किंवा जोड द्यायला अजिबात कापू नका.

पाइप परत लावला आणि आट्यांतून गळतंय. टेफ्लॉन लावू का?

मशीनच्या टोकाला टेफ्लॉन नको. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतलं रबरी वायसर अडवतं. वायसर आहे ना, दुमडलंय का, कडक झालंय का, ते बघा, नवीन वायसर घाला. नट आधी उलटा फिरवा, आटा जागेवर बसल्याचं हाताला जाणवलं की मग सुलटा फिरवा, म्हणजे तिरका चढत नाही. हाताने घट्ट आणि वर पक्कडीने पाव फेरा, बस. पाइप पान्याने आवळलं की प्लास्टिकचे आटे तडकतात आणि आत्ताच आणलेला वॉल्व्ह वाया.

बसवला, आता लगेच कपडे टाकू?

थांबा. प्लग न लावता नळ हळूहळू उघडा, झटक्यात नाही. दहा मिनिटं तसंच ठेवून जोडांखाली कोरडा कागद किंवा टिश्यू फिरवा, डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर दिसते. टबात पाणी उतरत नाहीये ना तेही बघा. मग प्लग लावून रिकाम्या मशीनवर फक्त रिन्स लावा, आत जाणाऱ्या नळीवर फक्त पाणी चालू असतानाच दाब येतो त्यामुळे ती गळती आत्ता कळेल. या वेळी कव्हर उघडं असेल तर हात लांब, नुसतं बघायचं. सगळं कोरडं राहिलं की प्लग काढून कव्हर लावा.

नवीन वॉल्व्ह टाकला तरी पाणी नाहीच.

कनेक्टर पूर्ण बसलाय का बघा, पिन वाकून बाजूने गेलेली असते. मग वायर वॉल्व्हपासून कार्डापर्यंत तपासा. आपल्याकडे उंदीर हे फार मोठं कारण आहे, टॉप लोड खालून उघडी असते आणि उंदीर त्यातून चढून वायरी कुरतडतात, वायर तुटलेली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून नीट जोडून घ्या, नुसती टेप गुंडाळून ओल्या जागी ठेवू नका, आणि खालची उंदरांची जाळी बसवून घ्या. हे सगळं ठीक असेल तर प्रेशर सेन्सरची बारीक नळी साबणाच्या गाळाने चोंदून मशीनला टब भरलेला वाटतोय, नाहीतर कार्ड. इथून पुढे टेक्निशियन बोलवा. आणि तो आल्याआल्या कार्ड बदलू म्हणाला तर आधी वॉल्व्हपर्यंत करंट येतोय का ते समोर मोजून दाखवायला सांगा, महाग पार्ट आहे, विचारण्यात गैर काही नाही.

मशीनला गरम-थंड दोन तोंडं आहेत, घरात एकच नळ. काय करू?

थंडच्या तोंडाला पाइप लावा, गरमच्या तोंडाला सोबत आलेली टोपी बसवा आणि प्रोग्रॅममध्ये पाणी थंड निवडा. गरम निवडलं गेलं तर मशीन बंद तोंडाकडे पाण्याची वाट बघत बसेल आणि कोड येईल, वॉल्व्ह चांगला असूनसुद्धा. सोलरची लाइन जोडणार असाल तर मॅन्युअलमधलं कमाल तापमान बघा, उन्हाळ्यात दुपारी सोलरचं पाणी त्याच्या बरंच वर जातं आणि प्लास्टिक-रबर त्यानेच जातं.

बोअरचं पाणी आहे, वॉल्व्ह वारंवार जातो. काही इलाज?

दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, तेच वॉल्व्हच्या बारीक भोकात जमतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. मुंबईत तानसा, भातसा, वैतरणाचं पाणी मऊ, तिथे क्षाराने वॉल्व्ह जाणं कमी, पण पुण्याच्या कडेच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या, सोलापूर, मराठवाडा इथे बोअरवर असाल तर जाळी महिन्यातून एकदा काढून धुवाच. नळावर वेगळा गाळणारा फिल्टर बसवला तर रेती अडते, विरघळलेला क्षार मात्र त्याने अडत नाही, त्याला पाणी मऊ करणारा वॉटर सॉफ्टनर लागतो. दाब आधीच कमी असेल तर फिल्टरने अजून कमी होईल, तेवढा विचार करून.

जुना वॉल्व्ह उघडून साफ करता येतो का?

बरेच वॉल्व्ह कारखान्यातच सांधून बंद केलेले असतात, उघडले की परत बसत नाहीत. स्क्रूवाला असेल तर पडदा काढून धुता येतो, पण रबर एकदा कडक झालं की धुतल्यावरही तो बंद होईलच असं नाही. मी तसा वॉल्व्ह घरात बसवा म्हणणार नाही. त्याची जाळी मात्र चांगली असली तर धुऊन ठेवा, नवीनची कधी फाटली तर उपयोगी पडते, फक्त आकार जुळतोय का ते आत्ताच लावून बघा.

अमेरिकेत भावाकडे असंच मशीन आहे, इथून वॉल्व्ह पाठवू का? तिकडे फार महाग सांगतायत.

नको. तिकडे १२० व्होल्ट, इथली २२०-२४० ची कॉइल तिथे दांडा नीट खेचणार नाही. तिकडच्या वॉल्व्हच्या कॉइलचे ओहमही बरेच कमी असतात, त्यामुळे वरचा साडेतीन ते पाच किलोओहमचा आकडा त्यांना सांगू नका, नाहीतर चांगला वॉल्व्ह ते खराब समजतील. आट्यांचं मापही वेगळं असतं. त्यांना म्हणावं मॉडेल नंबरवरून तिथलाच घ्या आणि आधी दोन्ही तोंडांतल्या जाळ्या काढून बघा.